पाय कुणी तापवला

दारातून पेशंट आत आला की मी त्याच्या तोंडाकडं बघतच नाही. आधी बुटाचा तळ बघतो. तोंड काय, दोन वाक्यांत गोड होतं. बुटाच्या तळाला ते जमत नाही. टाच झिजलीय की नाही, झिजली असेल तर कुठल्या बाजूनं, चिखल कालचा आहे की गेल्या पावसाळ्यातला, एवढं बघून झालं की मग म्हणायचं, "या पावणं, बसा. रोज घालता ना पाय?"

"व्हय की. रोज."

आणि सॉकेटमध्ये कोळ्याचं जाळं! सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्या प्लास्टिकच्या कपात बसतो तो भाग. एकानं तर आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पाय अंगावर असतो. मी तो टेबलावर उलटा केला, तर आतून अक्षता पडल्या. मेव्हण्याच्या लग्नात घातलेला, त्यानंतर थेट माझ्याकडं यायलाच.

पंचवीसेक वर्षं हे बघितल्यावर माणसाचा स्वभाव काय राहणार? कोल्हापूरच्या कसबा बावड्यात माझं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. पुढच्या खोलीत मापं घ्यायची, मागच्या खोलीत ओव्हन, घासायचं मशीन आणि प्लास्टरचा धुरळा. कृत्रिम पाय करतो, पोलिओवाल्यांचे कॅलिपर करतो, लहान पोरांच्या वाकड्या पावलांचे बूट करतो. आणि येईल त्याच्यावर संशय घेतो. बायको म्हणते, "तुम्ही ताटातल्या भाजीकडंसुद्धा तसंच बघता, कुणी आधी उष्टी केलीय का म्हणून." म्हणू दे.

माझा सगळ्यात मोठा संशय एका माणसावर होता. तो माझ्या हाताखाली नऊ वर्षं काम शिकला. प्लास्टरचा साचा घासायला मी त्याला शिकवलं, हात कुठं दाबायचा आणि कुठं सोडायचा ते मी दाखवलं. आणि एक दिवस पठ्ठ्यानं पेढे आणले. जयसिंगपूरला स्वतःचं दुकान टाकलं म्हणे. पेढे खाल्ले मी, पण त्या दिवसापासून माझा एखादा जुना पेशंट दोन महिने दिसला नाही की माझ्या डोक्यात जयसिंगपूरची एसटी सुरू व्हायची. गेला असणार तिकडं. त्यानं ओढला असणार. पुरावा काही नव्हता. पण संशयाला पुरावा लागतो कुठं?

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे गगनबावड्याच्या बाजूची एक बाई.

वय पंचेचाळीसच्या आसपास, शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. साखरेचा आजार होता, तळपायात खिळा घुसलेला कळलाच नाही, आणि कळला तोवर पाय गुडघ्याखाली काढावा लागला. माझ्याकडं आली ती उन्हाळ्यात. सोबत सर्जनची चिठ्ठी होती आणि सर्जननी मला फोनवरही सांगितलं होतं, "सॉकेट नीट बसवा. हिला तिथं दुखलेलं कळत नाही. परत जखम झाली तर गुडघा ठेवता येणार नाही मला."

गुडघा असणं आणि नसणं यातला फरक बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं पाय गेला तो गेला. गुडघा स्वतःचा असेल तर माणूस चढ चढतो, उंबरा ओलांडतो, चुलीपुढं बसून उठतो. तो गेला की प्रत्येक पावलाला कंबरेतून पाय उचलून पुढं टाकावा लागतो. या बाईची शाळा टेकाडावर होती. गुडघा गेला असता तर शाळा गेली असती, आणि घरात दुसऱ्याच्या हाताकडं बघायची वेळ आली असती. तिलाही ते पक्कं माहीत होतं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "डाक्टर, एवढा गुडघा तेवढा ऱ्हाऊ दे." मी डॉक्टर नाही. पण खेड्यातली माणसं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटतं.

तो पाय मी जीव लावून केला. आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. तिनं घातला, उठली, भिंतीला न धरता दारापर्यंत गेली आणि वळून हसली. "आता चपला दोन घ्याव्या लागतील की," म्हणाली. मी पण हसलो. मी सहसा हसत नाही.

आषाढात ती परत आली. पाय आता चावतोय म्हणून नाही, तिला चावलेलं कळतच नव्हतं. कातडी लाल दिसतेय म्हणून आली होती. मी आधी तळ बघितला. झिजलेला, नीट, रोज घातल्यासारखा. मग सॉकेटला बोट लावलं आणि माझं डोकंच फिरलं. बाहेरच्या बाजूची भिंत आत आली होती. फार नाही, हरभऱ्याच्या डाळीएवढी. पण या कामात तेवढं म्हणजे फार झालं. वहीतल्या मापाशी ताडून बघितलं, माझं माप नव्हतंच ते. आणि त्या जागेवर चकाकी होती.

चकाकीचं सांगतो. हे प्लास्टिक मी शेवटी घासून मंद करतो. त्याला पुन्हा उष्णता लागली तरच ते चकाकतं. सॉकेटची भिंत इकडं तिकडं हलवायची असेल तर आम्ही हीट गन वापरतो, केस वाळवायच्या मशीनची थोरली बहीण म्हणा. म्हणजे कुणीतरी माझा पाय तापवला होता. आणि हीट गन काय गगनबावड्यात वाण्याकडं मिळते?

"ताई, हा पाय कुणाला दाखवला?"

"कुणाला दावू? तुमच्याबिगर हाय कोण मला?"

"जयसिंगपूरला गेलता का?"

"जयसिंगपूर कुठं आन् मी कुठं! हितवर यायला निम्मा दिस जातोय माझा."

मी मनात म्हटलं, एवढं ठाम नाही म्हणतेय, म्हणजे काहीतरी आहे. भिंत पुन्हा तापवून जागेवर आणली आणि तिला पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी परत हजर. आता दुसऱ्या बाजूची भिंत आत! पहिली बाजू मी केली तशीच, आणि समोरची बिघडलेली, तीच चकाकी. कातडीवर पैशाएवढा फोड. माझा संशय आता संशय राहिला नाही, खात्री झाली. एक बाजू मी दुरुस्त करतो, तर हा दुसरी बिघडवतो. आपल्या गुरूचं काम कसं वाईट आहे हे दाखवायची ही रीत. नऊ वर्षं माझ्या घरचा चहा प्यायला आणि हे?

"खरं सांगा ताई. कुणी हात लावला याला?"

"न्हाय ओ. द्येवाची आण."

"आण कशाला घेता? साधं खरं बोला की."

तिनं पदर सावरला आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "खोटं बोलायला मी इतक्या लांब येऊ व्हय डाक्टर? खोटं गावातबी बोलता येतंय."

दुसरा कुणी असता तर इथं भानावर आला असता. मी नाही आलो. तेव्हा काय करायला पाहिजे होतं, ते आज कुणीही विचारलं तर झोपेतसुद्धा सांगेन. पाय काढून ठेवायला सांगायचं. फोड बरा होईपर्यंत कुबडीवर चालायला लावायचं. त्याऐवजी मी भिंत जागेवर आणली, आत मऊ स्पंज लावला, आणि सॉकेटवर बाहेरून आडवी पारदर्शक टेप चिकटवली. टेपखाली पेन्सिलीनं माझी सही. टेप उचलली की सही बिघडणार. तिला म्हटलं, "ही काढायची नाही. औषधाची आहे."

औषधाची! मी चोर पकडायला सापळा लावला होता, आणि त्या सापळ्यात मी तिला चालायला पाठवलं. हे मला आता लिहितानाही लाज वाटते. तेव्हा नाही वाटली, तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्यांदा ती आली ती तापानं फणफणून. मी पाय बघितला आधी, तिच्याकडं नंतर. टेप जागेवर होती, पण कडा वर उचललेल्या, आणि सही वेडीवाकडी. झालं! नखानं काढायचा प्रयत्न केलेला, निघाली नाही म्हणून तशीच ठेवलेली. "बघा," मी म्हणालो, "आता काय म्हणणं आहे तुमचं?" तिनं उरलेला पाय पुढं केला. त्यावरचा मोजा काढला तर फोडाची जखम झाली होती आणि जखमेला वास येत होता.  रिक्षा करून तिला हॉस्पिटलला पाठवलं. पाय मात्र माझ्याकडं ठेवून घेतला. मुद्देमाल म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो पाय पिशवीत घालून मी जयसिंगपूरची एसटी धरली. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. आयुष्यात जेवढी भाषणं केली नसतील तेवढी मनात केली.

त्याचं दुकान स्टँडपासून लांब नव्हतं. मला बघून तो हातातलं काम टाकून उठला. "काका! या की. चहा सांगतो."

"चहा राहू दे." मी पाय टेबलावर आपटला. "हे ओळखतोस?"

त्यानं पाय हातात घेतला, फिरवला. "तुमचं काम. सॉकेटच्या कडेवरनं कळतंय." मग बोटानं चकाकी चाचपली. मी त्याच्या तोंडाकडं टक लावून होतो. आता रंग उडेल, मग उडेल. त्यानं पाय नाकाला लावला.

एवढ्या वर्षांत मी हजारो पायांवर हात फिरवला असेल, एकाचाही वास घेतला नाही.

"काका, याला धुराचा वास येतोय. पेशंट कुठला?"

"गगनबावड्याचा. तुला माहीत नाही होय?"

"मला कसं माहीत असणार?" त्यानं टेपच्या कडा बघितल्या. "टेप कुणी ओढलेली नाही ही. करपलीय. आकसून वर आलीय. हा पाय चुलीपुढं ठेवलाय काका, रोज. त्या बाजूला चार महिने काही वाळत नाही. माझी सासुरवाडी तिकडची आहे, धोतरंसुद्धा धुरावर वाळवतात." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही त्यांना विचारलं नाही का, पाय कुठं वाळवता म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. दोन महिने मी एकच विचारत होतो, कुणी तापवला. कुठं ठेवता, कशानं पुसता, हा साधा प्रश्न माझ्या तोंडात आलाच नाही. त्यानं चहा मागवला. मी प्यायलो, आणि वर मान करून त्याच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. मी तिथं कशासाठी आलो होतो ते त्याच्या लक्षात आलं असणार. तरी एसटीत बसवून द्यायला तो आला.

परत आल्यावर तसाच हॉस्पिटलला गेलो. ती खाटेवर पडली होती, नवरा उशाला उभा. मी विचारलं, "ताई, पाय वाळवता कुठं?"

"चुलीम्होरं की." तिला वाटलं मी काळजीनं विचारतोय. ग्लानीतसुद्धा तिच्या आवाजात थोडा तोरा होता. "तुमीच सांगितलं हुतं न्हवं? रोज धुवायचा आन् खडखडीत कोरडा झाल्याबिगर घालायचा न्हाय. पावसात कुठं वाळतोय तो? मग रोज राती इंगळाम्होरं ठेवायची. आदी ही बाजू म्होरं, तुमी ती नीट केल्यावर मग दुसरी बाजू. भाकरी फिरवावी तशी. येक दिवस बी वला घातला न्हाय मी."

सांगितलं होतं मी. साखरेच्या पेशंटला तसंच सांगतात. ओल राहिली की कातडी कुजते. उन्हाळ्यात, कोरड्या खडखडीत कोल्हापुरात बसून मी तिला सांगितलं, आणि ते तिनं धो धो पावसाच्या गावात अक्षर न अक्षर पाळलं. माझ्या पेशंटांत एवढं माझं ऐकणारी हीच एक असेल, आणि खोटारडी म्हणून मी धरलं ते हिलाच.

नवरा म्हणाला, "म्हंजे हिनंच भाजला म्हणायचा पाय. अगं, पलाश्टिक हाय ते! यवढं कळंना तुला?" शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. ती माझ्याकडं बघत होती. मी बोलायला पाहिजे होतं. तिची चूक नाही, मी नीट सांगितलं नाही, मी विचारलं नाही, एवढी तीन वाक्यं. मी म्हणालो, "बघू, डॉक्टर काय म्हणतात." आणि जिना उतरून खाली आलो.

दोन दिवसांनी सर्जननी गुडघा काढला.

नंतरचे महिने माझे वाईट गेले. येणाऱ्या प्रत्येकाला मी पाय कुठं वाळवता म्हणून विचारायला लागलो, भर उन्हाळ्यात विचारायचीही माझी तयारी होती. त्या बाजूचा एक पेशंट सांगून गेला की गावात बोभाटा झालाय, बाईनं स्वतःचा पाय स्वतः चुलीत घातला. लोक हसतात म्हणाला. मी ऐकून घेतलं. त्यालाही काही बोललो नाही. रोज ठरवायचो की जाऊन सांगून यावं, आणि रोज काहीतरी काम काढायचो.

दिवाळी झाल्यावर ते दोघं दारात उभे राहिले. ती कुबड्यांवर, नवऱ्याच्या हातात पिशवी. मला वाटलं भांडायला आलेत. खरं तर वाटलं, बरं झालं, भांडू देत. पण ती बाकावर बसली, कुबड्या नीट भिंतीला लावल्या आणि म्हणाली, "जखम भरलीय. डाक्टर म्हणाले, आता माप घ्या म्हणून."

मी नवऱ्याकडं तोंड केलं. एकदा मागं सरलो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

"पाय हिनं नाही बिघडवला," मी म्हणालो. "कोरडा करा म्हणून मी सांगितलं, कसा करा ते सांगितलं नाही. दोनदा दिसलं मला, तरी विचारलं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे म्हणून हिच्यावर संशय घेत बसलो. फोड दिसत असताना परत चालायला लावलं. चूक माझी आहे. गावात सांगा."

 नवरा बायकोकडं बघायला गेला आणि त्याला बघवेना, म्हणून खाली फरशीकडं बघत राहिला.  "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात तुमचं त्वांड बघितलं तवाच कळलं."

मी घाईघाईनं जयसिंगपूरचा पत्ता कागदावर लिहायला घेतला. म्हटलं, "ताई, गुडघ्याच्या वरून काढलेल्या पायाचं काम फार नाजूक. तिथं एकजण आहे, माझ्याकडंच शिकलेला. माझ्यापेक्षा शहाणा आहे. मी फोन करतो, तुम्ही तिकडं जा."

तिनं कागद घेतला नाही.

"का जाऊ?" ती म्हणाली. "माझा गुडघा घेऊन तुमी शिकलासा. ते शिकल्यालं हितं ठिवून मी जयसिंगपूरला कशाला जाऊ?"

 मी बादलीत पाणी घेतलं, प्लास्टरच्या पट्ट्या त्यात सोडल्या आणि तसाच उभा राहिलो. डोळे भरले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून पाठ फिरवली होती. मागून तिचाच आवाज आला, "डाक्टर, घट्ट हुतील की त्या. घ्या लवकर माप."